कडू वेलीची वाटणी

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

मी, उमा केरबा फडतरे, वय वर्षे शहात्तर, पूर्वी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आता निवृत्त (निदान कागदोपत्री), राहणार धारेवाडी, तालुका वाई, जिल्हा सातारा, हे मृत्युपत्र गुढीपाडव्याच्या सकाळी स्वतःच्या अक्षरात लिहायला घेत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, लाडीगोडी लावलेली नाही आणि मी नशापाणी केलेलं नाही. ‘नशापाणी’ या शब्दाशी माझी मुलं पुढे अडखळणार आहेत, म्हणून तो मुद्दाम घातला आहे.

माझं डोकं ठिकाणावर आहे का, हे पाहायला डॉ. नारायण घाडगे घरी येऊन गेले. त्यांनी मला वार, महिना आणि गावाचं नाव विचारलं. मी तिन्ही सांगितली आणि त्यांना एकोणतीसचा पाढा विचारला. ते एकोणतीस सत्तेवर अडकले. चौथीत माझ्या वर्गात होते तेव्हाही तिथेच अडकायचे. दाखला सोबत जोडला आहे. तो माझ्या डोक्याचा आहे, त्यांच्या नव्हे.

कलम १. यापूर्वी मी दोन मृत्युपत्रं केली होती, एक रागाच्या भरात आणि एक गुडघेदुखीत. दोन्ही रद्द समजावीत.

कलम २. माझे पती, ज्यांचं नाव मी केवळ कायद्यापुरतं घेते, लष्करातले हवालदार केरबा फडतरे, सतरा वर्षांपूर्वी वारले. मुलगा जयराज पुण्यात इंजिनिअर आहे. मुलगी क्रांती गावातच दिलेली असून दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष आहे. नणंद मनुबाई जगताप, माझ्याहून पाच वर्षांनी लहान, बोळापलीकडे समोरच्या घरात एकटी राहते. तिच्याबद्दल कलम ७ मध्ये, सावकाश.

कलम ३. हे कलम क्रांतीने खाली बसून वाचावं.

आमच्या परसातून गच्चीवर चढलेली वेल झोपेच्या औषधाची आहे, असं मी गावाला चौदा वर्षं सांगत आले. ते खोटं नाही. तिची हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं उशीत भरली की झोप छान लागते. पण ती हॉप्सची वेल आहे. बिअरला कडूपणा आणि वास येतो तो या बोंडांनी. माझा बहुतेक माल पुण्याला मुकुलच्या बिअरच्या कारखान्यात जातो. मुकुल हा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा. त्याच्याकडे सरकारी परवाना आहे. वेल लावणं हा गुन्हा नाही, हे मी वाईच्या वकिलांना ‘एका मैत्रिणीसाठी’ म्हणून विचारून घेतलं आहे.

अडचण एवढीच, की गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं, तेव्हा दारोदार फिरणारी बाई मीच. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आडवी जिंकली. त्याचा मला आजही अभिमान आहे, कारण त्या दुकानापायी उपाशीपोटी शाळेत आलेली मुलं माझ्या वर्गात बसत होती. पुढे दोन वर्षांनी मुकुल आईबरोबर गौरी-गणपतीला आमच्याकडे आला. त्याने सहज एक बोंड चुरगळून नाकाला लावलं आणि ओरडला, “आजी, हे तर हॉप्स आहेत!”

मी आधी दार लावलं आणि म्हटलं, “हळू बोल.” माझं ढोंग तिथे सुरू झालं. देशी दुकान वेगळं आणि हे वेगळं, असं मला मनापासून वाटतं, पण ते गावाला समजावून सांगण्याचं धाडस मला झालं नाही, याची लाजही वाटते. मुकुलची बिअर मी एकदा चाखली. कडू होती. किती कडू ते नीट कळावं म्हणून दुसऱ्यांदा चाखली.

मंडळाचा लाउडस्पीकर आणि दोन शिलाई मशीनं कोणी दिली, हे क्रांती मला नेहमी विचारायची. ‘एका हितचिंतकाने’ असं मी सांगायचे. ती हितचिंतक परसात उभी आहे.

कलम ४. राहतं घर जयराज आणि क्रांती यांना निम्मं निम्मं. पोस्टातली ठेवही तशीच. सोन्याच्या पाटल्या क्रांतीला, कारण जयराजच्या बायकोने त्या ‘जुन्या पद्धतीच्या’ असल्याचं मला दोनदा सांगितलं आहे.

राहता राहिलं परस. जयराजला तिथे वेल काढून फरशी टाकायची आहे आणि गाडी लावायची आहे. वर्षातून चार दिवस येणाऱ्या गाडीला बारमाही जागा कशाला, हे मला कळत नाही. तरीही मी असं ठरवलं आहे, की निर्णय वेलीवर सोडावा. यंदाच्या तोड्यात बोंडांत बी निघालं, तर जयराजने वेल खुशाल मुळासकट काढावी. बी धरलेलं बोंड बिअरवाल्याच्या कामाचं नसतं, आणि बी का धरतं ते कलम ७ मध्ये आहे. बी निघालं नाही, तर वेलीच्या केसालाही धक्का लावू नये. हे लिहिते आहे खरं, पण यंदा बी निघणार हे मला ठाऊक आहे.

कलम ५. तरी वेल जगलीच, तर तिची निगा अशी.

माझं माहेर कुंडलचं. वडिलांची द्राक्षबाग होती, त्यामुळे छाटणी, डाऊनी-भुरीसारखे रोग हे सगळं मी लग्नाआधीच शिकून आले. ही वेल मुळात थंड मुलखातली. ह्यांची हिमाचलात नेमणूक असताना, मेसच्या आवारात अशा वेली होत्या. ह्यांनी रजेवर येताना दोन मुळ्या ओल्या मोज्यात गुंडाळून ट्रंकेतून आणल्या. मोजे कुणाचे होते ते सांगितलं नाही.

आपल्याकडच्या पावसाळ्यात हिची बोंडं सडतात. म्हणून मी तिला द्राक्षासारखं वळण लावलं. पौष संपता संपता जमिनीलगत छाटावी. शेणखत घालावं, पण बुडाशी पाणी साचू देऊ नये. फुटवे वीतभर झाले की परसातून गच्चीपर्यंत काथ्याच्या दोऱ्या ताणाव्या. एका दोरीला दोनच फुटवे ठेवावे, बाकीचे दयामाया न दाखवता खुडावे. त्यांची लसूण घालून भाजी होते. हिला दिवस मोठा लागतो, नाहीतर कमरेएवढी झाली की फुलायला बसते. म्हणून गच्चीवरचे चार बल्ब दिवेलागणीपासून साडेनऊपर्यंत चालू ठेवावे आणि वेल गच्चीला पोचली की बंद करावे. मी चोरांना घाबरते, असं गावाला वाटतं. वाटू द्यावं.

दोरीवर वेल चढवताना देवाच्या प्रदक्षिणेच्या दिशेनेच गुंडाळावी. हे जयराजसाठी लिहीत आहे. एका शिवरात्रीला त्याने हौसेने सगळी वेल उलटी गुंडाळली. मी म्हटलं, “अरे, उलटी नको.” तर म्हणाला, “आई, वेल आहे ती, स्क्रू नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शेंडे दोरी सोडून खाली लोंबत होते. वेल आपल्या दिशेनेच जाते, इंजिनिअर कुठलाही असो.

बोंड दाबून सोडलं की पुन्हा फुगावं, कागदासारखं वाजावं, उघडल्यावर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी दिसावी आणि वास ईडलिंबासारखा यावा. तेव्हाच तोडावं. वेलीने अंगाला खाज सुटते, म्हणून ह्यांचा जुना लष्करी शर्ट घालावा. तो शर्ट वेलीबरोबरच जाईल, वेगळा वाटू नये. बोंडं सावलीत, ह्यांच्या मच्छरदाणीवर पसरून पंख्याखाली वाळवावी. वाळल्यावर पिशवीतली हवा दाबून काढावी आणि पिशवी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात मटारखाली ठेवावी. मटारखाली कोणी पाहत नाही.

कलम ६. थंडीत हिच्या मुळांना गारवा द्यावा असं मुकुलने सांगितलं, म्हणून मी पौषात दर गुरुवारी बुडाशी बर्फाचा चुरा घालायचे. त्याचा खरंच उपयोग होतो का, हे देव जाणे. पहिल्याच वर्षी शेजारणींनी पाहिलं आणि विचारलं. घाईत तोंडाला आलं ते बोलले, की हे शीतला गुरुवारचं व्रत आहे, घरात शांतता राहते. आज तीन गावांत बायका तुळशीला बर्फ घालतात. एकीचा सुनेशी समेट झाला म्हणे. असं कोणतंही व्रत नाही, हे मी इथे लिहून मोकळी होते. पण ज्यांचे समेट झाले त्यांना हे कलम वाचून दाखवू नये.

कलम ७. नणंद मनुबाई.

ह्यांनी आणलेल्या दोन मुळ्यांपैकी एक माझ्या परसात लागली आणि दुसरी ह्यांनी बहिणीच्या भिंतीशी लावली. बायकोला एक, बहिणीला एक, लुगड्यासारखी. पुढे ह्यांच्या माघारी कळलं, की माझी मादी आहे आणि तिचा नर. बोंडं येतात ती मादीला. जवळ नर फुलला की बोंडांत बी धरतं आणि माल बिघडतो. मुकुलने पहिल्याच तोड्याला बोंड फोडून दाखवलं. “आजी, हे नाही चालणार. तो समोरचा नर काढायला लागेल.”

मी मनुबाईकडे गेले. म्हटलं, “वन्सं, तुमची वेल काढू या. तिच्यामुळे माझी बिघडते.” ती म्हणाली, “माज्या दादानं सवताच्या हातानं लावलीया ती. तुमची ऱ्हाऊ द्यायची आन् माजी उपटायची व्हय? न्हाई जमायचं, वैनी.” का बिघडते, हे मला सांगता येईना. दारूबंदीवाल्या बाईने बिअरचं नाव कोणत्या तोंडाने घ्यायचं?

एवढ्यावर थांबती तर ठीक होतं. त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला तिने दोन्ही वेलींचं लग्न लावलं! दादाने जोडीने आणलेली वेल एकटी राहिली तर अशुभ, म्हणाली. बोळात अंतरपाट धरला, अर्धी आळी जमवली, मंगलाष्टकं झाली, चिवडा वाटला. दोन्ही घरांमध्ये बोळावरून हळदीचा दोरा बांधला. मी सर्वांदेखत तो दोरा तोडला. त्या दिवसापासून आम्ही बोललेलो नाही. त्याला तेरा वर्षं झाली. नवऱ्याच्या हातच्या वेलीचा संसार मोडणारी बाई म्हणून मी गावात गाजले.

मग मी माझा मार्ग काढला. दर वर्षी चैत्रात नराला कळ्या धरल्या, की दुपारी दोन ते तीन, मनुबाई जेवून ओसरीवर झोपली असताना, मी कात्री घेऊन बोळ ओलांडायचे आणि त्या उमलायच्या आत एकूणएक काढायचे. आठ-दहा दुपारी लागायच्या. ही बाई किती गबाळी, त्याचा पुरावा म्हणून नोंदवते, की तेरा वर्षांत एकदाही तिच्या फाटकाला कडी नव्हती, आणि तिचं लाकडी स्टूल बरोबर त्या भिंतीपाशी पडलेलं असायचं. घरातली वस्तू घरात उचलून ठेवायचं भान नाही! मी त्याच स्टुलावर चढून तिच्या कळ्या काढत होते.

यंदा फेब्रुवारीत जिन्यात माझा पाय मोडला. पाणी, दोऱ्या आणि बल्ब माझी मैत्रीण सुरय्या (कलम ८) हिने सांभाळले, पण कळ्यांचं नाव काढताच ती म्हणाली, “दुसऱ्याच्या अंगणात चोरावानी मी न्हाई जायाची, उमाताई. नणंदंशी बोला की सरळ.” मी बोलले नाही. बिछान्यावरून खिडकीतून नर दिसतो. माझ्याच बल्बच्या उजेडावर चांगला माजला आहे. म्हणून यंदा बी निघणार. एवढ्याशा हट्टापायी माझी वेल जाणार, आणि हट्ट दोघींचा असला तरी जाणार ती माझीच.

सबब मनुबाईला माझ्या मालमत्तेतून काहीही मिळू नये. फक्त ती कात्री द्यावी आणि कशासाठी वापरली ते सांगावं. तेव्हा तिचं तोंड कसं होतं ते पाहायला मी नसेन, एवढंच मरणाचं दुःख.

कलम ८. सुरय्या वजीर नदाफ, वाईच्या गादी कारखान्याची मालकीण आणि माझी तीस वर्षांची मैत्रीण. झोपेच्या उशा तीच शिवते. पहिल्या वर्षी तिने विचारलं होतं, “उमाताई, उशांना येक पिशवी लागती. बाकी चार कुठं जात्यात?” मी म्हटलं, “पुण्याला.” ती म्हणाली, “पुण्यात लय झोपत्यात वाटतं,” आणि पुन्हा कधी विचारलं नाही. असं माणूस मिळायला नशीब लागतं. वेल जगली तर दर तोड्याची एक पिशवी तिला विनामोबदला द्यावी. माझं शिलाई मशीन, कपाट आणि पितळी डबे तिला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण माझी दोन्ही मुलं एकमेकांचं ऐकत नाहीत, पण तिचं ऐकतात.

इथपर्यंत पाडव्याला लिहून झालं. सही राहिली, कारण साक्षीदार श्रीखंड खायला गेले होते. पुढचा मजकूर एक महिन्याने, अक्षय्य तृतीयेला लिहीत आहे.

कलम ९. काल सुरय्याने पहिली बोंडं तोडून सुपात आणली. मी चष्मा लावून एक फोडलं. बी नाही. दुसरं फोडलं. नाही. सूपभर बोंडं फोडली, बोटं पिवळी झाली, पण एकातही बी निघालं नाही. सुरय्या म्हणाली, “रडताय कशाला? चांगलं झालं न्हवं?” मी म्हटलं, “भुकटी डोळ्यांत गेली.” ती थाप तिने मान्य केली.

मग मी खिडकीतून नराकडे नीट पाहिलं. पानं होती, शेंडे होते. कळी एकही नव्हती.

मी सुरय्याकरवी निरोप पाठवला. मनुबाई आली. तेरा वर्षांनी माझ्या उंबऱ्याच्या आत आली. हातात ते लाकडी स्टूल होतं. खाटेपाशी ठेवून त्यावर बसली आणि माझ्या पायाकडे बघत राहिली.

मी विचारलं, “वन्सं, यंदा कळ्या कुणी काढल्या?”

“म्या. तुमचा पाय मोडलाय न्हवं.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“तेरा वर्सं. डोळं मिटून पडलं म्हंजी माणूस झोपलं आसं न्हाई, वैनी. तुमच्या बांगड्या किती वाजत्यात!”

“मग एकदा तरी बोलायचं होतंत.”

“बोलले आस्ते तर तुमी यायच्या थांबला आस्ता.” तिने पदराने नाक पुसलं. “दादा गेल्यापास्नं माज्या घरात दुपारचं कोन येतंय? मी आपली पडल्या पडल्या कात्रीचा आवाज ऐकायची. आन् ते स्टूल काय आपसूक चालत यायचं व्हय भिंतीपाशी? पयल्या साली तुमी कुंपनावर चढलेल्या बगितल्या. म्हटलं, पडतीया ही म्हातारी.”

वर्गात चाळीस मुलांकडून चूक कबूल करून घेणारी बाई मी, आज माझी पाळी आली. शेवटी म्हटलं, “वन्सं, माझं चुकलं. तो दोरा तोडायला नको होता.”

“चुकलंच,” ती म्हणाली. “आन् त्या बिअरचं बी मला म्हाईत हाय. पुण्याचा गाडीवाला काय उशा न्यायला येतोय? आडवी बाटली, आडवी बाटली म्हनून मंडळाच्या सभंत लाउडस्पीकरवर तुमी वरडायचा, तवा मी हितं तोंडात पदर कोंबून हसायची. कवा तरी आनायला सांगा की त्येला येक. बगू तर कसली लागती.”

कलम १०. त्यामुळे खालील बदल. कलम ४ मधली अट पुरी झाली आहे. बी निघालेलं नाही, सबब वेल राहील. जयराजने गाडी देवळासमोर लावावी.

कलम ११. परस, गच्ची, वेल, दोऱ्या, चार बल्ब, मच्छरदाणी, लष्करी शर्ट आणि कात्री हे सर्व मनुबाई जगताप हिच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहील. तिच्यानंतर ते क्रांतीचं. क्रांतीने नर उपटू नये. मनुबाईच्या दादाने लावलेला आहे, आणि तो दादा माझा नवराही होता, हे मी तेरा वर्षं विसरले होते.

कलम १२. कलम ७ मी खोडलेलं नाही. ते मनुबाईला मोठ्याने, शब्द न गाळता वाचून दाखवावं. ‘गबाळी’ या शब्दापाशी थोडं थांबावं. तिचं तोंड मला आत्ताच दिसतं आहे, त्यामुळे मरणाचं ते एक दुःख कमी झालं.

कलम १३. मुकुलने पुढच्या खेपेला दोन बाटल्या आणाव्या. त्या आम्ही दोघी गच्चीवर बसून उघडू. दारूबंदी महिला मंडळाने त्या दिवशी सहल काढावी. रिकाम्या झाल्यावर बाटल्या आडव्या ठेवू, म्हणजे तत्त्वाला बाधा येणार नाही.

कलम १४. हे शेवटचं, क्रांतीसाठी. तुला माझा राग येईल. येऊ दे, तुझा हक्क आहे. पण एक काम तुझ्यावर सोपवते. दर चैत्रात नराला कळ्या धरल्या, की दुपारी दोन ते तीन या वेळात कात्री घेऊन तू बोळ ओलांडावास. आत्याने फाटकाची कडी काढून ठेवावी, स्टूल भिंतीपाशी ठेवावं आणि डोळे मिटून पडून राहावं. तू बांगड्या वाजू देऊ नयेस. दोघींनी एकमेकींना काही कळत नसल्यासारखं वागावं. शेवटच्या दुपारी मात्र कळ्या काढून झाल्यावर तिथेच बसावं आणि आत्याला हाक मारून म्हणावं, की ऊठ, चहा ठेव. मला तेरा वर्षांत ते सुचलं नाही.

वरील चौदा कलमं मी स्वतः लिहिली, पुन्हा वाचली, शुद्धलेखन तपासलं. खाडाखोड नाही. कागदावर दोन ठिकाणी पिवळे डाग आहेत, ते बोंडांच्या भुकटीचे आहेत, ते ग्राह्य धरावे.

सही: उमा केरबा फडतरे

साक्षीदार. उमाबाईंनी आमच्या समोर सही केली व त्यांच्या समोर आम्ही केली.

१. डॉ. नारायण घाडगे, वाई (एकोणतीस सत्ते दोनशे तीन, बाईंनी म्हणून घेतल्यावर सही केली)

२. सिद्धू माने, टपाल खात्यातून निवृत्त, धारेवाडी

स्थळ: धारेवाडी, तालुका वाई, जिल्हा सातारा
दिनांक: ३० एप्रिल २०२५, अक्षय्य तृतीया